ओसरीवर वाचलेला कोड

सीताफळाच्या गराचं कोटेशन पुण्याच्या आइस्क्रीमवाल्यांना संध्याकाळच्या आत मेल करायचं होतं, आणि रोहिणी दुपारपासून ते लिहून तशीच बसली होती. मागचे दोन हंगाम तिने दर कळवला, की लगोलग विजयसिंहाचा दर तिच्याहून जरासा खाली जायचा. विजयसिंह म्हणजे तिच्या सासऱ्यांचा पुतण्या. तिचं बघून त्यानेही धारूरच्या घाटाखाली गराचा कारखाना टाकला होता. याही वेळी ऑर्डर गेली, तर फळं सोलणाऱ्या बायांना घरी बसवावं लागणार होतं.

धंद्याचा मेल विजयसिंहानेच उघडून दिला होता, स्वतःच्या फोनवर. खात्याला नंबर दिला तो सासऱ्यांचा, सुंदररावांचा; घरात मोठं माणूस असताना सुनेचा नंबर कशाला, म्हणून. विजयसिंहाचा तो फोन अजून आपल्या मेलला जोडलेला आहे, हे या आठवड्यात सेटिंग चाळताना तिला दिसलं. पासवर्ड बदलायचा तर कोड सुंदररावांच्या फोनवर येणार. तिने त्यांना सांगून पाहिलं, पुन्हा सांगून पाहिलं. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं.

"दाराला कडी लावली की भाऊकीला वाटतं, आपल्यालाच लावली. घरचंच पोरगं हाय ते."

सुंदररावांना बारीक अक्षर दिसत नसे. फोन वाजला की शेजारी बसला असेल त्याच्या हातात तो देऊन ते "वाच बरं" म्हणत. बँकेचा मेसेज असो नाहीतर कुणाच्या लग्नाचा, अख्ख्या ओसरीला कळायचा.

आज शेजारी विजयसिंहच बसला होता. चहाला आला होता आणि हलायचं नाव घेत नव्हता. रोहिणीने थोडी वाट पाहिली. मग तिला वाट पाहण्याचाच कंटाळा आला. आतल्या खोलीत लॅपटॉपवर तिने पासवर्ड बदलायचं बटण दाबलं.

ओसरीवर फोन वाजला. सुंदररावांनी न बघताच तो पुतण्याकडे सरकवला. विजयसिंहाने मोठ्याने सुरुवात केली, "हा कोड कोणालाही सांगू नका..." आणि तो गप्प झाला.

"थांबला कावून? वाच की."

"काई न्हाई काका, कंपनीची जाहिरात हाय."

"मामा, मीच मागवलाय तो कोड," रोहिणी आतून म्हणाली. "तेवढा वाचायला सांगा."

आता न वाचून चालणार नव्हतं. विजयसिंहाने एकेक आकडा वाचला, तिने एकेक टाकला. कोड चुकीचा निघाला. ती उठून बाहेर आली आणि तिने हात पुढे केला. फोन घेऊन तिने आकडे पाहिले.

"भावजी, शेवटी सात हाय. तुमी एक वाचलं."

"दिसलं न्हाई, वहिनी."

"लांबचा बोर्ड वाचतोस की बे तू," सुंदरराव हळू आवाजात म्हणाले. त्यांनी पुतण्याच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. विजयसिंह कपात पाहत होता.

रोहिणीने लॅपटॉप आणून तिथेच उंबऱ्यात बसून सात टाकला, पासवर्ड बदलला, विजयसिंहाचा फोन मेलमधून काढून टाकला. आनंद असा काही झाला नाही. पाठ मात्र दुखत होती. विजयसिंहाने खिशातला फोन काढून एकदा पाहिला, परत ठेवला आणि काम आहे म्हणून उठला. त्याला कुणी थांबवलं नाही.

"आता सोयरेधायरे मला इचारतील," सुंदरराव म्हणाले, "पुतण्याला बाहेर कावून काढलं म्हून."

"माझं नाव सांगा, मामा."

तिने लिहून ठेवलेलं कोटेशन उघडलं. विजयसिंहाच्या धास्तीने तिने दर आधीच उतरवून ठेवला होता. परवडत नव्हता तरी. तो खोडून तिने आपला मूळ दर लिहिला आणि मेल पाठवून दिला.

"फोन घे," सुंदरराव मागून म्हणाले. "तुझा नंबर टाकायचा तर आताच टाक. उद्या माझं मन बदलंल."

तिने पुन्हा लॅपटॉप पुढ्यात ओढला.