जोडीतला दुसरा पाय

सकाळचे ऊन आमच्या खोलीत थेट येत नाही. समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर एक मोठी काचेची खिडकी आहे; ते आधी तिच्यावर पडते आणि तिथून परतून, थोडे थकल्यासारखे, रस्ता ओलांडून आमच्याकडे येते. म्हणून ते कधी डोळ्यांत खुपत नाही. छताच्या कोपऱ्यातला पोपडा त्याला आधी सापडतो, मग ते भिंतीवरून सावकाश उतरते, कपाटाच्या कडेवरून, लोकरीच्या टोपल्यांवरून, आणि ज्या टोपलीवर ते येईल तिच्यातला रंग क्षणभर आपण होऊन पेटल्यासारखा दिसतो. पिवळा आधी, मग विटकरी, मग तो करडा, ज्याच्याकडे एरवी कुणाचे लक्ष जात नाही. लोकरीचे तंतू हवेत सदाच तरंगत असतात; त्या उन्हात ते दिसू लागतात, एवढेच. मला वाटे, जगातल्या पुष्कळशा गोष्टी अशाच असाव्यात. शेवटी ते टेबलावर, मावशीच्या हातांवर येऊन पोचते, आणि मग त्याला पुढे कुठे जायचे असावे असे वाटत नाही.

त्या सकाळीही ते तिथेच थांबले होते. मावशी जिराफाची मान विणत होती आणि मी एका उंटात कापूस भरत होतो. आमच्या घरातली कामाची वाटणी जुनी आहे: क्रोशाची सुई मावशीच्या हाती, शिवायची सुई माझ्या. ती पाय, पोट, कान, शेपट्या वेगवेगळ्या विणून माझ्यापुढे टाकते. मी ते भरतो, जोडतो आणि शेवटी चेहरा देतो. लहान मुलांच्या खेळण्याला मणी लावायचे नाहीत, डोळे दोऱ्याचेच भरायचे, हा मावशीचा दंडक. माणसांच्या डोळ्यांकडे पाहून बोलणे मला कधी जमले नाही. प्राण्यांना डोळे देणे मात्र जमते.

"घुम्या," मावशी मान वर न करता म्हणाली, "उंटात कापूस भरतोयस, की त्याची समजूत काढतोयस?"

"भरतोय."

"मग ठासून भर. गिऱ्हाईक विचारेल, मावशी, उंट इतका खंगला कशानं? मी काय सांगू, आमच्या भाच्याची संगत लागली म्हणून?"

मी हसलो. खोलीचा रस्त्याकडचा भाग हेच आमचे दुकान. खिडकीच्या रुंद कठड्यावर आम्ही तयार प्राणी मांडतो, आणि ते सगळे रस्त्याकडे तोंड करून उभे असतात. ही मांडणी माझी. तिचे खरे कारण मी कधी कुणाला सांगितले नव्हते.

माझे दुधाचे दात पडत होते त्या वयात आई एका सकाळी लोकर आणायला म्हणून बाहेर पडली आणि परत आली नाही. वडील त्याआधीच वारले होते. मावशीने खूप शोधले, पोलिसांकडे खेटे घातले, आणि मी रडून रडून दमलो तेव्हा मला मांडीवर घेऊन ती म्हणाली, "वाट चुकली असेल रे. येईल." वय वाढत गेले तशी मी त्या वाक्याला वयाला शोभतील अशी कारणे जोडत गेलो: चुकीची गाडी, परका गाव, अपघात, गेलेली स्मृती. वाक्य मात्र तेच ठेवले. आई हरवली होती. हरवलेल्या माणसाला कधी तरी ओळखीची खूण दिसली पाहिजे, म्हणून मी प्राण्यांची तोंडे रस्त्याकडे करून ठेवत असे.

दार ढकलून बेकरीवाली आत आली. पलीकडच्या चौकात तिची बेकरी आहे एवढे मला ठाऊक होते. आमच्याकडे ती प्रथमच येत होती. तिच्या बाहीला पीठ लागले होते आणि तिच्या पदराआड एक चिमुरडी होती, जिने छातीशी काहीतरी घट्ट धरले होते.

"दे गं काकांना," बेकरीवाली म्हणाली.

"नाही."

"अगं, शिवून देतील ते."

"मामाला दुखेल."

"गाढवाचं नाव मामा ठेवलंय हिनं," बेकरीवाली ओशाळून मावशीला म्हणाली. "माझा भाऊ आला की नुसता फुरंगटून बसतो."

"बसू दे," मावशी म्हणाली. "सगळे मामा गाढवाच्या जवळपासच असतात. आण गं बाळ, तुझा मामा. आमचा घुम्या फार हळू शिवतो. इतका हळू की मामाला झोप लागेल."

चिमुरडीने बराच विचार केला आणि मग ते गाढव माझ्यापुढे ठेवले. तिचा हात त्याच्या कानावरच राहिला. गाढव करड्या लोकरीचे होते, मुलीच्या लाळेने आणि प्रेमाने काळपट झालेले. पोटाची शिवण उसवून कापूस बाहेर आला होता. मी ते उन्हात धरले आणि सवयीप्रमाणे आधी वीण पाहिली.

वीण डावीकडे कलत होती.

गोल फिरत जाणाऱ्या विणीत टाके एका बाजूला सरकत जातात. मावशीचे, किंवा कुणाही उजव्या हाताने विणणाऱ्याचे टाके उजवीकडे झुकतात. हे डावीकडे झुकले होते. मी स्वतःला समजावले की डावखुरी माणसे जगात थोडी नाहीत. मी गाढव टेबलावर उभे केले.

ते कलले. एका बाजूचे दोन्ही पाय दुसऱ्या बाजूच्या पायांहून जरासे लांब होते. मी नखाने फेऱ्या मोजल्या. बरोबर एका फेरीचा फरक.

ही चूक मी ओळखत होतो. आई डावखुरी होती आणि मावशीसमोर बसून, आरशात पाहावे तशी, विणणे शिकली होती. जोडीतला पहिला पाय विणताना ती सुरुवातीचे दोऱ्याचे कडे पहिली फेरी म्हणून मोजायची. दुसऱ्या पायाला हात सैलावलेला असायचा, मन कुठे तरी गेलेले असायचे, आणि त्या कड्यानंतर ती मोजायला लागायची. दुसरा पाय हटकून एका फेरीने लांब. मावशी कपाळाला हात लावायची. "हिनं हत्ती केला तरी तो लंगडाच," असे ती अजूनही कधी कधी म्हणते आणि मग एकदम सुई हाती घेते. आईने पाय कधी उसवले नाहीत. तिने आपली वेगळीच युक्ती काढली होती: धड ज्या बाजूला कलेल त्याच्या उलट बाजूला ती मान कलती शिवायची. मग तिचा प्राणी उभा तिरका राहायचा, पण पाहायचा सरळ.

मी गाढवाचे डोके वर केले. त्याची मान उलट बाजूला कलती शिवलेली होती. तिरक्या अंगाने उभे राहून ते माझ्याकडे सरळ पाहत होते.

कानांत दडे बसले. रस्त्यावरून एक गाडी गेली ती मला फक्त दिसली. तिचा आवाज आला नाही. माझ्या बोटांत सुई होती हे मला, ती अंगठ्यात रुतली तेव्हा कळले, आणि तरीही दुखले नाही. मी मावशीकडे पाहिले. तिच्या हातातली जिराफाची मान थांबली होती. तिनेही गाढव पाहिले होते.

"हे," मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच परका वाटला, "हे कुणी केलं?"

"आमच्या मागच्या गल्लीत एक बाई राहतात," बेकरीवाली म्हणाली. "शिंप्याच्या दुकानावर खोली आहे त्यांची. एकट्याच असतात. ही झाली तेव्हा दिलं होतं त्यांनी, आपणहून. गल्लीतल्या सगळ्या पोरांकडे त्यांचं काही ना काही आहे. डाव्या हातानं विणतात, बघत राहावं असं."

"खूप वर्षं आहेत तिथं?"

"आम्ही बेकरी घेतली त्याच्या कितीतरी आधीपासून. का हो? ओळखीच्या आहेत का?"

मागची गल्ली म्हणजे बेकरीच्या पाठीमागची. आमच्या दारातून निघालेल्या माणसाने गरम पाव आणला तर तो घरी पोचेपर्यंत गरमच राहील, इतकी जवळ.

"काका, तुमच्या बोटाला रक्त आलं," चिमुरडी म्हणाली.

"मग... त्यांनीच का नाही शिवून दिलं?" मी विचारले. अजूनही मला आशा होती. आशा नेमकी कशाची, ते आज सांगता येत नाही. कदाचित ती बाई आजारी असेल, तिला काही आठवत नसेल, तिला स्वतःचे नावही ठाऊक नसेल, असे काही बेकरीवाली म्हणेल याची.

"मी आधी त्यांच्याकडेच गेले होते की," ती म्हणाली. "पण त्यांना आता जवळचं दिसत नाही. सुईत दोरा ओवता येत नाही. लांबचं मात्र घारीसारखं दिसतं. त्यांनीच तुमचा पत्ता दिला."

"आमचा?"

"हो. म्हणाल्या, त्या खिडकीत प्राणी ठेवतात ना, तिथं जा. तिथला मुलगा शिवण लपवतो, हात लावून बघितलं तरी सापडायची नाही. मी म्हटलं, तुम्ही कधी आत गेलात? तर म्हणाल्या, नाही, भाजीला जाताना पलीकडच्या बाजूनं रोज बघते. परवा ठेवलेला तो निळा पाणघोडा त्यांना फार आवडला म्हणे." ती खिडकीकडे वळून हसली. "हाच ना? मी म्हटलं, मग चला माझ्याबरोबर, तुम्हीच सांगा त्यांना काय करायचं ते. तर म्हणाल्या, नको, तू जा."

मावशीने जिराफाची मान टेबलावर ठेवली.

मी गाढव शिवायला घेतले. दुसरे काय करावे ते मला सुचत नव्हते, आणि समोर एक मूल उभे होते ज्याची सगळी दुनिया त्या क्षणी माझ्या हातात उसवलेली होती. मी जुना कापूस आत ढकलला, थोडा नवा घातला, करडा दोरा निवडला. उसवलेल्या कडा एकमेकींशेजारी आणल्या तेव्हा आईचे टाके माझ्या बोटांखालून एकेक करून गेले. ते घट्ट होते, सारखे होते. घाईत, भीतीत, आजारात विणलेले टाके कसे असतात हे मला माहीत आहे. हे निवांत बसलेल्या माणसाचे टाके होते.

"याचा पाय सरळ करून देऊ?" मी विचारले. माझ्या तोंडून हे का निघाले, कोण जाणे.

"नाही!" चिमुरडीने गाढवाचा पाय मुठीत धरला. "मामाचा पाय असाच आहे. बाईंनी असाच दिलाय."

"बरं."

"मामा रडला?"

"नाही," मी म्हणालो. "झोपला होता."

बेकरीवालीने शिवणीवरून बोट फिरवले, मान हलवली, म्हणाली, "खरंच की, सापडत नाही." पैसे घ्यायला मावशीने नकार दिला. दाराशी बेकरीवाली थांबली. "त्यांना काही निरोप सांगू का?"

मी मावशीकडे पाहिले, मावशीने जमिनीकडे. बेकरीवालीने जरा वाट पाहिली आणि मग मुलीचा हात धरून ती रस्ता ओलांडून गेली. चिमुरडीच्या खांद्यावरून गाढव मागे, आमच्याकडे पाहत होते.

ऊन टेबलावरून उतरून फरशीवर आले होते.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो. तो प्रश्न नव्हता.

"होतं."

"कधीपासून?"

"तू कॉलेजात जायला लागलास तेव्हा. ती मला बाजारात दिसली. मी हाक मारली, तर थांबली. पळून नाही गेली हो. मी तिचा हातच धरला. म्हटलं, चल घरी, पोराला बघ. ती म्हणाली, 'ताई, मी बघते त्याला. लांबून बघते तेवढं मला पुरतं.' मी वाट्टेल ते बोलले तिला. भर बाजारात. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, 'तिथं माझा जीव गुदमरायचा. इथं नाही गुदमरत.' आणि भाजीची पिशवी उचलून गेली."

"आणि मला सांगितलं नाहीस? इतकी वर्षं?"

मावशीने प्रथमच माझ्या डोळ्यांत पाहिले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मला सोपे गेले असते.

"सांगितलं होतं रे," ती म्हणाली. "त्याच दिवशी. इथंच, या टेबलाशी. तू एका सशाला कान लावत होतास. मी सगळं सांगितलं, शब्दन् शब्द. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, 'मावशी, तुझी नजर चुकली असेल. दुसरी कुणी असेल.' मी म्हटलं, अरे, मी बोलले तिच्याशी! तर तू म्हणालास, 'सशाचा एक कान जरा मोठा झालाय का गं?' आणि पुन्हा कधी तो विषय काढू दिला नाहीस. मग मीही म्हटलं, राहू दे. ज्यानं पोर निजतं, ते अंगाईगीत कशाला तोडा."

मी नाही म्हणणार होतो. तोंड उघडलेही. पण तो ससा मला आठवला, पांढरा, आतून गुलाबी कानांचा. त्या दिवशीचा मावशीचा थरथरणारा आवाज आठवला. आणि आपण त्या आवाजाकडे पाठ करून कानाचे टाके किती काळजीने घातले होते, तेही आठवले. ते सगळे माझ्यात होतेच. खिडकीबाहेर रस्त्याची पलीकडची बाजू दिसत होती. तिथून माणसे भाजीच्या पिशव्या घेऊन जात होती, आणि त्यांच्यातल्या एकाही चेहऱ्याकडे आजवर मी कधी नीट पाहिले नव्हते.

आईची वाट कधीच चुकली नव्हती. तिला आमचे घर ठाऊक होते, आणि तिला यायचे नव्हते.