पहिल्या बर्फाच्या पैजेत गेलेली फळी

मी सांगते त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. टंगमर्गच्या बाजारात अजून कोणी ठेवलेला नाही. पण मी एक जुनी बर्फफळी आहे, आणि अफरवटच्या माथ्यावरून मी सुटले की माझी सावली मागे राहत असे. मी खाली पोचून अंगावरचे बर्फ झटकून घेई, तेव्हा कुठे ती धापा टाकत देवदारांतून बाहेर येई. एकदा माझ्या सळसळीने झोपलेले अस्वल जागे झाले आणि वसंत आला असे समजून तोंड धुवायला नाल्यावर गेले. नाला गोठलेला. तेव्हापासून त्या अस्वलाचा माझ्यावर राग आहे.

लोक मला स्नोबोर्ड म्हणतात. छातीएवढी उंच, दोन्ही टोकांना वर वळलेली अशी मी आहे. माझ्यावर दोन्ही पाय आडवे ठेवायचे, पट्टे आवळायचे आणि उतारावर स्वतःला सोडून द्यायचे, एवढेच काम. माझा जन्म फार दूरच्या कारखान्यात झाला. माझ्या पोटात सफेद्याचे लाकूड आहे आणि कडेला पोलादी धार. म्हणून मी काश्मीरात आले तेव्हा मला परके वाटलेच नाही. रस्त्याच्या दुतर्फा माझे नातेवाईक, उंच सफेदे, ओळीने उभे होते.

मला आणणाऱ्या परदेशी पाहुण्याने हंगामभर मिरवले आणि जाताना सामान जड झाले म्हणून अहद वगे यांच्या दुकानात सोडून दिले. निरोपाचा एक शब्द नाही. हा पहिला दगा. पण त्याचे मला फार लागले नाही. तो माणूस प्रत्येक वळणावर शिव्या देत असे.

अहद वगे म्हणजे उजमाचे मामा. दुकानात बूट, कोट आणि घसरगाड्या भाड्याने द्यायचे, आणि मधल्या वेळेत पाहुण्यांना काश्मिरी कपडे चढवून त्यांचे फोटो काढायचे, हा त्यांचा धंदा. उजमा ही श्रीनगरची शाळकरी मुलगी. हिवाळ्यात शाळा बंद झाल्या की ती मामाकडे येई. पहिल्याच दिवशी तिने मला कोपऱ्यातून ओढून काढले, माझ्या पोटावरून हात फिरवला आणि म्हणाली, "मामा, ही माझी." मामांनी मान हलवली. त्या दिवसापासून मी तिची झाले, आणि ती माझी झाली असे मी समजले. चूक तिथेच झाली.

कसे लाड केले तिने माझे. जाना मामींच्या इस्त्रीने ती माझ्या पोटाला मेण लावी, आणि मग त्याच इस्त्रीने मामी मामांचा फेरन, तो पायघोळ लोकरी अंगरखा, इस्त्री करीत.

"माझ्या इस्त्रीला मेण, तुझ्या मामाच्या फेरनला मेण," मामी म्हणत. "उद्या हा माणूस उन्हात उभा राहिला तर वितळून जाईल आणि मी विधवा होईन."

"मग मामी, त्यांची वात करून ठेव," उजमा म्हणे. "वीज गेल्यावर कामी येतील."

हिवाळ्यामागून हिवाळे असे गेले. ती पडे, मी पडे, आम्ही उठत असू. रात्री ती मला बाकीच्या भाड्याच्या सामानात ठेवत नसे, आपल्या अंथरुणाशेजारी उभी करी. मामांची मुलगी शाइस्ता, उजमापेक्षा वर्षाने लहान, दाराशी उभी राहून हे बघत असे. ती टंगमर्गची, बर्फात जन्मलेली, पण तिच्या पायाखाली कधी कोणी फळी दिली नव्हती. तेव्हा मला त्याचे काही वाटले नाही.

मग तो कोरडा हिवाळा आला. चिल्लई कलानची कडक थंडी सुरू झाली तरी बर्फाचा पत्ता नाही. उजमा रोज दहा वेळा ओसरीवर येऊन आभाळाकडे बघे. अशीच एका संध्याकाळी ती धावत बाहेर आली, पायरीवर दवाची काच झालेली, आणि पाय मुरगळून खाली बसली. खाली उतार नाही, उडी नाही, मी तर भिंतीशी उभी. निदान माझ्यावरून पडली असती तर त्या दुखण्यात माझाही वाटा राहिला असता.

द्रुंगच्या हाडवैद्याने घोटा चाचपला, अंड्याचा लेप लावून घट्ट बांधला आणि सांगितले, "हाड शाबूत आहे, पण शिरेनं वैर धरलंय. मोठी थंडी उतरेपर्यंत हा पाय जमिनीला दाखवायचा नाही."

आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बर्फ पडले. खिडकीच्या तळापर्यंत.

आमच्याकडे मोसमाचे पहिले बर्फ पडले की एक खोडी चालते. चिमूटभर नवे बर्फ कशात तरी गुंडाळून दुसऱ्याच्या हातात द्यायचे. त्याने न ओळखता घेतले की तो हरला, आणि देणारा मागेल ते त्याला द्यावे लागते. त्या दिवशी माणसे शेजाऱ्याने दिलेली भाकरीसुद्धा उलटून बघतात. उजमा तर या खोडीत पटाईत. पण त्या सकाळी तिचा पाय ठणकत होता. शाइस्ता कागदाची पुडी घेऊन आत आली.

"दीदी, हाडवैद्यानं लेपाची पूड पाठवलीय. धर जरा, मी पाणी गरम करते."

उजमाने पुडी घेतली. कागद ओला होत गेला. तिने उघडून पाहिले आणि डोळे मिटले.

"नवं बर्फ मुबारक," शाइस्ता म्हणाली.

"आजाऱ्याला फसवलंस. दोजखात जाशील."

"जाईन. तिथं थंडी तरी नसेल."

"हरिसा माग तिच्याकडे," मामींनी चुलीपाशून सुचवले. "मटण चांगलं माग. आमचाही त्यात वाटा निघेल."

शाइस्ताने हरिसा मागितला नाही. तिने माझ्याकडे बघितले. "फळी," ती म्हणाली. "हा हिवाळाभर."

 मी वाट बघत राहिले. उजमाने सांगावे की कानातले घे, नवी शाल घे, पण ही नाही. तिच्या जिभेवर नाही म्हणायला कितीशी जागा लागली असती? तिने फेरनमधली कांगडी, ती अंगाशी धरायची शेगडी, सरळ केली, निखारे फुंकले आणि म्हणाली, "घे. पण तिची कड बोथट केलीस तर तुझ्या नाकानं धार लावून घेईन."

सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही.

मित्रांनो, पणाला लावलेल्या वस्तूला कोणी विचारत नाही. शाइस्ता वाईट होती असे मी म्हणणार नाही. पहिल्या दिवसात ती इतकी पडली की बर्फात तिच्या आकाराचे खड्डेच खड्डे झाले आणि ससे त्यांत राहायला आले. पण उठताना ती माझ्यावर कधी हात फिरवत नसे. पुन्हा पट्टे आवळी आणि निघे.

तिकडे उजमा खिडकीत बसून कंटाळली आणि तिने मामांचा कॅमेरा मागितला.

"कशाला?" मामा म्हणाले.

"शाइस्ताचे फोटो काढते. उडी मारताना."

"उडी मारताना फोटो निघत नाही. माझ्यापुढं नवरा-नवरी श्वास रोखून उभे राहतात. माणूस हलला की तो फोटो नाही, अफवा."

तरी त्यांनी कॅमेरा दिला. रोज सकाळी ते उजमाला लाकडी घसरगाडीवर बसवून उताराशी ओढत नेऊ लागले. हीच ती घसरगाडी, जी आज माझ्याशेजारी टांगली आहे. जिच्या पायांखाली मी असायची, ती आता गाडीवर पाय पसरून माझ्यासमोरून जाई. आणि फेरनच्या आत, कांगडीच्या उबेशी, कॅमेऱ्याची बॅटरी असे. थंडीत बॅटरी मरते म्हणून तिला छातीशी धरायचे. एकदा ती निखाऱ्याला इतकी खेटली की तिचा एक कोपरा वितळला. तिला किती कुरवाळले उजमाने. मी बाहेर, बर्फात रोवलेली.

पहिले फोटो बघून माझ्या मनाला फार थंडावा मिळाला.

"यात मी कुठंय?" शाइस्ताने विचारले.

"ही काय तुझी टोपी."

"टोपी नाही ती. कावळा आहे."

"आणि बर्फ असं राखेसारखं का?" मामी म्हणाल्या. "कोणाचं घर जळालंय का?"

उजमा चिडली नाही, हेच वाईट झाले. चिडली असती तर माझ्याकडे परतली असती. ती शिकत गेली. बर्फाच्या लखलखाटाला कॅमेरा भितो आणि सगळे काळवंडून टाकतो, म्हणून त्याला मुद्दाम जास्त उजेड द्यायचा, हे तिला कळले. शाइस्ता सरकेल तसे कॅमेऱ्यासकट खांदे वळवत न्यायचे, हेही कळले. तरी उडी हातात येईना. बटण दाबेपर्यंत शाइस्ता खाली.

शेवटी मामाच एकदा घसरगाडीच्या कडेला टेकले आणि म्हणाले, "माझे वडील होकरसरच्या पाणथळीत रानबदकं टिपायचे. बदकावर नेम धरला तर गोळी शेपटीमागून जाते. ते बदकाच्या पुढच्या आभाळावर धरायचे. बदक आपल्या पायानं तिथं येतं."

"बदकाला पाय लागतात का उडायला, मामा?"

"तू नेम धर. व्याकरण नंतर."

त्या दिवसापासून ती शाइस्ताकडे बघेनाशी झाली. शाइस्ता जिथे येणार, त्या रिकाम्या हवेकडे बघत ती बसे. माझ्याकडे तर मुळीच नाही.

मी एकच आशा धरून होते. थंडी उतरेल, घोटा बरा होईल, पैजेची मुदत संपेल आणि माझी उजमा पुन्हा माझ्यावर उभी राहील. हाडवैद्याने पट्टी सोडली. शाळा उघडायच्या आधी एक शेवटचे मोठे बर्फ पडले. त्या सकाळी ती काठीशिवाय चालत उतारावर आली. शाइस्ताने स्वतः मला तिच्यापुढे ठेवले.

"घे बाई तुझी लाडकी. हिवाळा संपला."

उजमाने एक पाय माझ्यावर ठेवला. तोच घोटा. मी तिचे वजन ओळखले. सगळे लाकूड माझे जागे झाले. तिने गुडघा थोडा वाकवला, मी पुढे झुकले, आता निघायचेच होते. तेवढ्यात ढगांतून ऊन आले आणि उडीसाठी रचलेला बर्फाचा बांध लख्ख उजळला. उजमाने वर बघितले. पाय काढून घेतला.

"शाइस्ता, तूच जा. असा उजेड परत मिळायचा नाही."

"अगं, पण तुझा पाय बरा झालाय ना?"

"झालाय. म्हणून तर आता आडवं पडून फोटो काढता येईल. आणि फळी ठेव तुझ्याकडेच. मला नको आता."

पैजेत गेले तेव्हा तिची लाचारी होती असे मी मनाला समजावले होते. या वेळी कोणी पुडी हातात दिली नव्हती. तिने मला राजीखुशीने दिले, आणि देताना तिची नजर आभाळावर होती.

मग मी काय केले ते ऐका. शाइस्ता सुटली तशी मीही रागाने सुटले. बांधावरून अशी उडाले की खालचे देवदार झुडपांएवढे दिसू लागले. गोंडोल्यातल्या, त्या तारेवरच्या पाळण्यातल्या, माणसांनी मला वरून खाली बघताना पाहिले. एक घार आडवी आली, मी तिला वाट दिली. तिने विचारले, "कुठे?" मी म्हटले, "एकीला दाखवायला, की तिने काय गमावले." आणि नेमक्या तिथे, जिथे उजमाने नेम धरला होता, मी हवेत थांबले. खाली कॅमेरा वाजला.

त्या फोटोचे श्रीनगरच्या प्रदर्शनात कौतुक झाले. उजमा आता दूरदूर जाऊन खेळाडूंचे फोटो काढते. शाइस्ता पाहुण्यांना बर्फावर शिकवते. तिला नवी फळी मिळाली, हलकी, चकचकीत, आणि मला मामांनी दुकानात खिळ्याला अडकवले. माझी कड गंजली. पोटावरचे मेण उडाले. उजमा येते तेव्हा मामींचा खारा चहा पिते, त्या फोटोसमोर उभी राहते आणि जाते. एकदा तिचा फेरन मला घासून गेला. तिने मागे वळून पाहिले नाही.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला विनवते. ज्या वस्तूने तुमच्याबरोबर पडणे-उठणे सोसले, तिला पैजेत लावू नका. लावलीच, तर परत मागा. परत मिळाली, तर निदान एकदा कोरड्या फडक्याने पुसा. आम्हाला फार लागत नाही.

आणि माझी कीव करू नका. त्या फोटोत मी आहे. मधोमध, निळ्या आभाळात, पोटाला ऊन लागलेली, धार चमकणारी. शाइस्ता तर नुसती माझ्यावर उभी आहे. येणारा-जाणारा आधी मलाच बघतो. उजमा त्याच्यासमोर थांबते ती माझ्यासाठीच. समोरच्या भिंतीवर तो लावलाय. मी रोज उठून बघते तो.

"काय बघतेस?" शेजारच्या खिळ्यावरून घसरगाडी म्हणाली. "तुझं तोंड भिंतीकडं करून टांगलंय. फोटो मला दिसतो. त्यात शाइस्ताचे गुडघे आहेत, आणि गुडघ्यांखाली चौकट संपते."