मागे आलेला हात

कुसुमावतीने खुंटीला पुन्हा खडू घासला, तंबोरा खांद्याशी धरला आणि तार छेडली. खुंटी मेली परत सरकली. थंडीत लाकूड सुकलं की या खुंट्यांना असलेच नखरे सुचतात.

"आता ठरतेस का नाही, अवदसे?"

"कोणाले शिव्या देऊन राहिली वं?" सभागृहाचे रखवालदार नत्थूजी पडदा सारत म्हणाले. "आजचा दिस काढून दे म्हणा तिले. उद्यापासून कोण येते इथं?"

तेही खरंच. नागपूरची राजधानी गेली, साहेबलोक कोणी मुंबईला तर कोणी भोपाळला बिऱ्हाडं घेऊन गेले, आणि सदर भागातल्या या सभागृहाच्या पुढच्या रांगा ओस पडल्या. गाणं ऐकायला आता येतं कोण? दोन-चार वकील, कॉलेजातले मास्तर आणि खिडकीतल्या उन्हाला पाठ द्यायला आलेली म्हातारी माणसं. शेवटी सभागृह चालवणाऱ्या मंडळाने ते लकडगंजच्या गुलाबचंदशेठना देऊन टाकलं. जिथे इतकी वर्षं सूर लागले तिथे आता सागवानाच्या फळ्या लागणार होत्या. रविवार सकाळची ही मैफल शेवटची.

कुसुमावती उमरेडच्या विणकराची मुलगी. तिच्या घरचे माग कधीच बंद पडले, नवरा गिरणीत लागला, पण गळा तेवढा तिच्याजवळ राहिला. गाणाऱ्या सत्यवतीबाईंनी तिला तंबोऱ्यावर बसवलं तेव्हा म्हटलं होतं, "मागे बसून ऐक. एक दिवस मी हात मागे करीन, तेव्हा तू गायचं."

तेव्हा कुसुमावतीच्या डोक्यात एकही केस पांढरा नव्हता. बाईंचा हात त्यानंतर पुष्कळदा मागे आला. चार बोटं मिटून अंगठा आला की पाणी द्यायचं. दोन बोटं वर आली की तार उतरली आहे, चढवायची. उघडा पंजा म्हणजे गा. तो तेवढा कधी आला नाही. विसरल्या असतील, बिचाऱ्या! आठवण करून द्यायची तर तोंड कुठून आणायचं?

बाईंनी तोडी सुरू केली. त्यांचा आवाज आता लवकर थकायचा. कुसुमावतीही पहाटे उठून चार माणसांचा स्वयंपाक उरकून, धावतपळत आली होती. बोटं सवयीने तारांवरून फिरत होती, पण ध्यान समोरच्या रिकाम्या खुर्च्यांवर होतं. आज नाही तर मग कधीच नाही, एवढंच तिच्या मनात घोळत होतं.

आणि बाईंचा हात मागे आला.

बोटं पाहायला ती थांबलीच नाही. तिने डोळे मिटले आणि बाईंनी सोडलेली ओळ उचलली. पहिला सूर थरथरला, दुसरा बसला. तेवढ्यात तंबोरा तिच्या मांडीवरून हलकेच कोणी काढून घेतला. क्षणभर गप्प झाला, मग पुन्हा घुमू लागला. अग्गोबाई, बाई माझ्यासाठी तंबोरा धरतात! डोळे न उघडता ती गात राहिली. थांबली तेव्हा टाळ्या पडल्या. मूठभर माणसांच्याच, पण मनापासून.

मैफल संपली, माणसं पांगली. कुसुमावती बाईंच्या पाया पडायला वाकली.

"बाई, आज तुमी मले गाऊ देलं. माह्या जन्माचं सोनं झालं."

बाई रुमालाने बोटं पुसत होत्या. बोटांना पांढरा खडू लागला होता.

कुसुमावती तशीच वाकलेली राहिली. तिने खडूकडे पाहिलं, मग खुंटीकडे.

"ते दोन बोटं होते?"

"हो," बाई म्हणाल्या. "तार उतरली होती."

"अगं माय! भर मैफिलीत! तार बिघडवली आन् वरून गात सुटली. मले थांबवलं काहून नाही बाई?" ती तिथेच मटकन बसली.

बाईंनी रुमालाची घडी घातली.

"तू गायला लागलीस आणि मी तुला दिलेला शब्द मला आठवला," त्या म्हणाल्या. "कुसुम, मी साफ विसरले होते गं."

बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. फळ्यांचा खटारा दाराशी लागला होता. नत्थूजी किल्ल्या घेऊन आत आले.

"बाई, खाली करा आता. गुलाबचंदशेठचा मानूस आला."

"त्याला म्हणावं, थोडा थांब." बाईंनी कुसुमावतीकडे पाहिलं. "चल, पुढे बस. माझ्या जागेवर."

"मले नाही होत आता. गळा सुकला."

"मग पाणी पी."

कुसुमावती पाणी प्यायली. पदराने डोळे पुसले आणि बाईंच्या आसनावर अवघडून बसली. नत्थूजींनी दोघींकडे एकदा पाहिलं, दाराला आतून कडी घातली आणि पहिल्या रांगेत, साहेबांच्या खुर्चीत जाऊन बसले.

सत्यवतीबाई गुडघ्यावर हात टेकून कशाबशा उठल्या. खुंटीला खडू घासला, तंबोरा उचलला, आणि कुसुमावतीच्या मागे जाऊन बसल्या.