झोळीची तुळई

फाटकाची कडी खणकन वाजली आणि दुपारभर साचलेली शांतता फुटली. हर्षदीप झोपेतच दचकला. त्याच्या पाठीवर थोडं थोपटून मी उठले. टेम्पो आला होता, म्हणजे तामसीहून माझी तुळई आली होती.

तिथलं सासरचं मातीचं घर पाडायला काढलं, तेव्हा मी एकच मागितलं होतं. भांडी नको, पेटी नको. मधल्या खोलीतली सागाची तुळई तेवढी द्या. आदिलाबादच्या या नव्या घरात हॉल आणि स्वयंपाकघराच्या मध्ये दार नाही, नुसतं उघडं आहे. तिथे वर ती आडवी बसवायची होती. गवंड्याकडून दोन्ही भिंतींत जागाही सोडून घेतली होती. शेजारची नीलिमा हसायची. "लोकं पीओपी करून राह्यले, अन् तू वाळवी आनून राह्यली का घरात?" मीही हसायचे. तिला काय सांगणार?

दीपमाला, माझी पहिली, त्या तुळईला बांधलेल्या झोळीत वाढली. झोका दिला की दोरी लाकडाला घासायची, कुरर्र कुरर्र, आणि त्या आवाजाशिवाय ती झोपतच नसे. तापात गेली तेव्हा धड चालायलाही लागली नव्हती. तिचा एकच फोटो आहे, तोही हललेला. पुढे हर्षदीपची झोळी त्याच जागी बांधली. दोरीने लाकडात बोट बसेल एवढी घळ पडली होती. गावी गेले की कोणी नाही असं बघून मी स्टुलावर चढायचे आणि त्या घळीत अंगठा ठेवायचे.

फकिरा सुतार टेम्पोतून उतरला, पण माझ्याकडे बघेना. मागून माझे यजमान, अमरदीप, उतरले. "आधी पानी दे त्याले," म्हणाले.

मी ताडपत्री ओढली. आत जळणासारखे तुकडे.

"तुळई कुठाय?"

"हेच."

"कापली? काऊन कापली?"

"अख्खं सागवान टेम्पोवर दिसलं असतं त जंगलखात्याच्या चौकीवर कागद मागतला असता. आपल्या जुन्या घराच्या लाकडाचा कागद मी कुठून आनू? मी सरकारी शाळेतला मास्तर. जंगलातलं लाकूड नेऊन राह्यला म्हनून नाव आलं असतं, मंग?"

"अन् मागतला?"

ते टायरकडे बघत राहिले. फकिराच बोलला, "चौकीवर कोनीच नव्हतं, बाई. बांबू वर करून ठेवला होता."

"फकिराभाऊ, तुमी तरी सांगायचं होतं. नेमकी घळीवर करवत चालवली."

"मी म्हनलं सरले, जरा बाजूनं कापू. त सर म्हनले, मधातूनच काप."

तिथेच राहू द्यायची होती, मी अमरदीपना म्हणाले, पावसात कुजली असती तरी चाललं असतं, पण अख्खी राहू द्यायची होती. त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं. मग फकिरा पाणी प्यायला वळला तेव्हा हळूच म्हणाले, "तू ते रोज डोक्यावर ठेवनार होती, शुभांगी. जाता-येता मले त्याच्याखालून जा लागलं असतं."

इतक्या वर्षांत त्यांनी दीपमालाचं नाव काढलं नव्हतं. आताही काढलं नाही.

फकिराने तुकडे हॉलमध्ये आणून ठेवले. कोपऱ्यात फळी छान होईल म्हणाला, त्यावर बुद्धाची मूर्ती ठेवा; रंधा मारला की एक डाग राहायचा नाही.

"रंधा नका मारू," मी म्हणाले.

"मंग सांधून देऊ, बाई?"

"सांधून काय करायचं?"

तो चप्पल घालून गेला. अमरदीप फाटकापर्यंत त्याच्याबरोबर गेले आणि तिथेच उभे राहिले.

आवाजांनी हर्षदीप उठून आला. डोळे चोळत तुकड्यांत बसला. जुन्या धुराचा वास घेऊन शिंकला. मग उलटसुलट करत त्याने अर्ध्या अर्ध्या घळीचे दोन तुकडे शोधले आणि एकमेकांना लावून बघितले.

"आई, हे काय हाय?"

"इथं तुझी झोळी बांधत होतो आमी. तुझ्या आधी ताईची."

"इथंच?"

"इथंच."

त्याने तुकडे वेगळे केले. एक या मांडीवर घेतला, एक त्या. दोन्हींवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघून विचारलं,

"मंग यातलं माझं कोन्तं, अन् ताईचं कोन्तं?"