आधी खेळ, मग अंगठा

मी ऑपरेटिंग सिस्टीम बोलतेय. फुलसावंगीच्या बसथांब्याजवळ सेवादासचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. तिथल्या जुन्या संगणकात माझं घर आहे. मला चेहरा नाही, हात नाहीत. माझं काम वेळ वाटण्याचं.

संगणकात राबतो तो प्रोसेसर. छपाई, फॉर्म, फोटो, खेळ, सगळे त्याच्याच दारात उभे असतात. कोणाला आधी आत सोडायचं, किती क्षण थांबू द्यायचं, हे मी ठरवते.

सेवादासला गाड्यांच्या शर्यतीचा खेळ फार आवडतो. गिऱ्हाईक आलं की तो खेळाची खिडकी खाली सारतो. खेळ मात्र आत चालूच राहतो.

खेळाची घाई खोटी नसते. कागद जरा उशिरा छापला तर कोणाचं बिघडत नाही. खेळात तेवढ्या वेळात गाडी भिंतीवर आदळते. म्हणून खेळाला वेळच्या वेळी द्यावं, हे मलाही पटतं. पण वेळच्या वेळी देणं वेगळं आणि सगळा वेळ देऊन टाकणं वेगळं.

एकदा गाडी अडखळली म्हणून सेवादासनं माझ्या यादीत खेळाला सगळ्यांच्या वरचा नंबर दिला. मला नाही म्हणता येत नाही.

त्यानंतर हंसाबाई आल्या. सत्तरीच्या, अजूनही कापूस वेचायला जाणाऱ्या. पेन्शनीसाठी हयातीचा दाखला हवा होता आणि त्याची आज शेवटची तारीख होती.

"अंगठा ठेवा, मावशी." सेवादासनं ठसा घेणारं छोटं यंत्र पुढे सरकवलं.

त्यांनी ठेवला. अंगठ्याचा ठसा माझ्याकडे आला, पण दारात खेळ ठाण मांडून बसला होता. ठशाचा नंबर लागायच्या आधीच ठसा घ्यायची काही क्षणांची मुदत सरली. अंगठा घेता आला नाही, असं पडद्यावर उमटलं.

इकडे वेचणाऱ्या बायांची बोटं घासलेली असतात. अंगठा लागला नाही की सगळे बोटाकडेच पाहतात. हंसाबाईंनी अंगठा पदराला पुसला. सेवादासची बायको रंजिता हिनं खोबरेल लावून दिलं. पाच वेळा तेच झालं.

"रेषाच नाही राह्यल्या, मावशी. कापसानं खाऊन टाकल्या," सेवादास म्हणाला.

"मंग मी जित्ती हाय हे कोन सांगन रे बापा?" हंसाबाई हसल्या, पण हात पदराआड गेला. "तू तरी काय करशीन. माह्याच हाताचा दोष." त्या बसकडे निघाल्या.

सेवादासनं खेळाची खिडकी वर घेतली. रंजितानं ते पाहिलं.

"अवो, हे आतून चालूच होतं का?"

"त्यानं काय होते?"

"तुमचा अंगठा ठेवून पाहा बरं. तुम्ही त कापूस येचत नाही."

त्यानं ठेवला. लागला नाही. पुन्हा ठेवला, नाहीच. रंजितानं खेळ बंद केला आणि अंगठा पहिल्याच खेपेला लागला. सेवादास क्षणभर आपल्या मऊ अंगठ्याकडे बघत राहिला. मग मोटरसायकल घेऊन सुटलेल्या बसच्या मागे धावला.

अर्ध्या तासानं हंसाबाई पुन्हा खुर्चीवर होत्या. अंगठा लागला, दाखला निघाला.

"मावशी, हात तुमचा चांगला हाय. माहा खेळ आडवा आल्ता."

"असं कुठं राह्यते का? तेल जिरलं असन आता." त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "कायले मनाले लावून घेतं?"

त्यानं पुन्हा सांगून पाहिलं. त्यांना पटलं नाही.

आता खेळ सगळ्यांच्या रांगेत आहे. गाडी कधी अडखळते, सेवादास सोसतो. मला घडवणाऱ्यांना माझी विनंती आहे: खेळाचा क्षण चुकू देऊ नका, पण कुणी फार वेळ मागे राहिलं तर त्याला आपणहून पुढे घ्यायची मुभा मला ठेवा. मग मालकानं काहीही ठरवलेलं असो.

तेवढं मी करीन. पण दोष त्यांच्या हाताचा नव्हता, हे हंसाबाईंना पटवून देणं माझ्या यादीत बसत नाही. हे वाचणारे तुम्ही त्यांच्या गावचे असाल, तर ते तुम्ही करा.