पहिल्या शनिवारचे जाळे

मी एक जुने जाळे आहे, मित्रांनो, पण माशांचे नव्हे. माझ्यात आजवर एकही मासा धरला गेलेला नाही. ओढ्यातल्या दगडांना चिकटून राहणारे, नखाहूनही लहान किडे गोळा करायचे, एवढेच माझे काम. तुम्ही म्हणाल, किडे गोळा करून काय मिळते? आमच्या केलिन ओढ्यात ट्राउट मासा राहतो. अंगावर लाल ठिपके असलेला, थंड आणि स्वच्छ पाण्यावाचून न जगणारा. तो हेच किडे खातो. पाणी हळूहळू नासू लागले, की मासा तडफडण्याच्या कितीतरी आधी हे किडे नाहीसे होतात. जो ते मोजतो, त्याला ओढ्याचे दुखणे आधी कळते.

माझा जन्म रिदवेन नावाच्या शेतावरचा. आमच्या वेल्सच्या डोंगरांत माणसाला आडनावाने कोणी ओळखत नाही. शेताच्या नाहीतर धंद्याच्या नावाने हाक मारतात. म्हणून तिथला गाईवाला तो इदवल रिदवेन, आणि तीस वर्षे घरोघर पत्रे वाटून निवृत्त झालेली ती मेरेरिद पोस्ट. दोघे लहानपणी शाळेत एका बाकावर बसलेले. इदवलने कुंपणातल्या ॲशच्या झाडाची सरळ फांदी तोडून माझा दांडा तासला. त्याच्या बायकोने, ओल्वेनने, पीठ चाळायच्या बारीक कापडाची पिशवी शिवली आणि मला खिडकीपाशी धरून पाहिले. “यातून वाळू जाईल, किडा जायचा नाही,” ती म्हणाली. ते मी ऐकलेले पहिले बोलणे.

त्याच वर्षी गावातल्या अकरा जणांनी ट्राउट मंडळ काढले होते. गुरे ओढ्यात उतरून काठ तुडवत, म्हणून त्यांनी काठाने तारेचे कुंपण घातले. पाण्यावर सावली राहावी म्हणून आल्डरची रोपे लावली. जुने टायर, गंजके पत्रे, एकदा तर आख्खी बाबागाडी ओढ्यातून वर काढली. खाली जुन्या, पाण्यावर चालणाऱ्या गिरणीपाशी दोन उन्हाळे खपून त्यांनी तळाला गोट्यांचा थर पसरला, कारण ट्राउटची मादी हिवाळ्याच्या तोंडावर अशा गोट्यांतच अंडी घालते. पहिल्या वर्षी तिथे एकही मादी आली नाही. दुसऱ्या वर्षी तीन आल्या. तेव्हा ही पिकल्या केसांची माणसे काठावर उभी राहून शाळा सुटल्यासारखी ओरडली होती.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी माझी पाळी असे. मेरेरिद मला पुलाखालच्या प्रवाहात घट्ट रोवून धरी. इदवल माझ्या वरच्या अंगाला उभा राहून तीन मिनिटे बुटांनी दगड ढवळी. सुटलेले किडे वाहत माझ्या पिशवीत येत. मग मला एका पांढऱ्या तसराळ्यात उलटे करत, आणि मेरेरिद चष्मा नाकावर ओढून एकेक किडा मोजू लागे.

“हळू ओत रे! सांडलं तर पुन्हा पहिल्यापासून.”

“इतकी काळजी पत्रांची घेतली असतीस, तर माझ्या वाढदिवसाचं कार्ड पलीकडच्या गावात गेलं नसतं.”

“ते कार्ड तुला कुणी पाठवलंच नव्हतं, इदवल.”

मग दोघे हसत. ओल्वेनने बांधून दिलेला मनुकांचा केक खात, थर्मासमधला चहा पीत, आणि किड्यांना पुन्हा पाण्यात सोडून देत.

मंडळाचा एक नियम होता. किड्यांचा आकडा ठरावीक खुणेखाली गेला, की त्याच क्षणी नदीखात्याला फोन करायचा. एकदा सभेत कुणीतरी विचारले, “आणि घाण आपल्यातल्याच कुणाच्या शेतातून आली असली तर?”

इदवलच उठून म्हणाला, “तर आधी फोन. मग त्याच्या घरी जाऊन चहा. क्रम बदलायचा नाही.”

सगळे हसले आणि सगळ्यांनी हात वर केले.

अशी अकरा वर्षे गेली, मित्रांनो. ती माझी चांगली वर्षे. गावच्या जत्रेत मला टेबलावर मांडत. मुले तसराळ्यावर वाकून, वाळूचे घर पाठीवर वागवणारी अळी बघत आणि “ही जिवंत आहे!” म्हणून दचकत. एकदा वर्तमानपत्रात आमचे छायाचित्र आले. मेरेरिदचे डोळे मिटलेले, इदवल अर्धाच, मी मात्र पूर्ण. ओढ्यात मासे इतके झाले, की पुलावरून नुसते वाकून पाहिले तरी दिसत.

बाराव्या वर्षी ओल्वेन आजारी पडली. ऑगस्टच्या शनिवारी इदवल आला नाही. सप्टेंबरच्याही नाही. ऑक्टोबरच्याही नाही. त्याच्या जागी दुसरी एक बाई दगड ढवळू लागली, आणि मोजणी एकदाही चुकली नाही. तिने विचारले, “इदवलकडे जाऊन यायचं का गं?”

मेरेरिद म्हणाली, “ओल्वेन इस्पितळात आहे. त्याला आता माणसं नको असतील. बोलावेल तेव्हा जाऊ.”

ती हे चांगल्या मनानेच म्हणाली. दुसऱ्याच्या दुःखात नाक खुपसू नये, अशी आमच्याकडची रीत आहे.

त्याच उन्हाळ्यात रिदवेनच्या शेणकाल्याच्या टाकीला भेग पडली होती. गोठ्यातले शेण-मूत हिवाळाभर साठवायची ती सिमेंटची टाकी, घराएवढी मोठी. इदवलला भेग दिसली होती. पण त्याचा दिवस इस्पितळाच्या वाटेवर जाई, आणि संध्याकाळी गाई दोहून झाल्या की तो खुर्चीतच झोपून जाई. हे सगळे आम्हाला मागाहून कळले.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी मेरेरिद एकटीच लवकर, साडेआठलाच, पुलापाशी आली. आदल्या दोन दिवसांत पाऊस धो धो कोसळला होता. पाण्यावर फेस होता आणि गोठ्याचा वास येत होता. तरीही तिने मला प्रवाहात रोवले. तिला दगड ढवळावेच लागले नाहीत. काही क्षणांत माझी पिशवी भरली. इतकी ती आयुष्यात कधी भरली नव्हती. तिने मला तसराळ्यात उलटे केले. शेकडो किडे होते, लहान, मोठे, तीन शेपट्यांचे, दोन शेपट्यांचे. पण त्यातला एकही हलत नव्हता.

मला हातात तसेच धरून ती काठाने वर धावत निघाली. आल्डरच्या मुळांपाशी पहिला ट्राउट उताणा पडलेला दिसला. मग दोन. मग ती मोजायची थांबली. रिदवेनच्या नाल्यापाशी इदवल गुडघाभर चिखलात उभा होता. टाकीची भिंत पहाटे खचली होती आणि तो एकटाच फावड्याने नाल्याला मातीचा बांध घालत होता.

“इदवल! फोन केलास?”

“दोन तास दे मला.” त्याने वर पाहिलेसुद्धा नाही. “ओल्वेनला आज घरी सोडतायत. डॉक्टर म्हणाले, आता आमच्या हातात काही नाही, घरीच ठेवा. बाराला गाडी येईल. तिला दारात सरकारी माणसं नको दिसायला, मेरेरिद. मी बांध घालतो. दोन तासांत आवरतो. मग मीच फोन करतो, शप्पथ.”

मेरेरिदने त्याच्याकडे पाहिले, ओढ्याकडे पाहिले. मग मला फाटकाला टेकवून ठेवले, भिंतीजवळचे दुसरे फावडे उचलले आणि नाल्यात उतरली.

मी फाटकापाशी उभे राहून पाहत होते. दोघे साठी ओलांडलेले. धापा टाकत माती ओढत होते. बांध एकदा उभा राहिला आणि फुटला. पुन्हा उभा राहिला आणि पुन्हा फुटला. अकरा वाजत आले तेव्हा मेरेरिद नाल्यातून वर आली, गोठ्यामागे गेली, आणि तिने फोन केला.

नदीखात्याची माणसे अर्ध्या तासात आली. त्यांनी पंप लावले, गवताचे भारे टाकले, वाहणे थांबवले. त्यांच्यातला मोठा साहेब गिरणीपर्यंत जाऊन आला आणि हळूच म्हणाला, “गिरणीची जुनी झडप फिरवून हे सगळं बाजूच्या तळ्यात वळवता आलं असतं. नऊला कळायला हवं होतं.”

गिरणीपाशीच ते गोटे होते. त्याच आठवड्यात माद्या तिथे अंडी घालायला आल्या होत्या.

इदवल मेरेरिदजवळ आला. “मी करणार होतो ना फोन? एवढंही थांबवलं नाही तुला?”

ती काही बोलायच्या आत इस्पितळाची गाडी अंगणात वळली. ओल्वेनला चाकांच्या खुर्चीत बसवून खाली उतरवले. ती इतकी वाळली होती, की मी तिला हातांवरून ओळखले. तिने अंगणातली गर्दी पाहिली आणि तिचा चेहरा उजळला.

“अगंबाई, एवढी माणसं? माझ्यासाठी आलीत?”

नदीखात्याच्या माणसांनी माना खाली घातल्या. अंगभर चिखल माखलेली मेरेरिद पुढे झाली, तिचा हात हातात घेऊन म्हणाली, “हो, ओल्वेन. तुझ्याचसाठी.”

“मग आत या ना सगळे. इदवल, चहा टाक.”

ओल्वेन नाताळाआधीच गेली. दफनाच्या दिवशी इदवलने चॅपेलच्या दारात उभे राहून एकेकाचा हात हातात घेतला. मेरेरिदची पाळी आली तेव्हा त्याने टोपी सारखी केली आणि तो तिच्या मागच्या माणसाकडे वळला. पुढच्या शनिवारी पुलाखाली मेरेरिदने दगड ढवळणाऱ्या बाईला हे सांगितले आणि म्हणाली, “बरोबरच केलं त्यानं.” मग मला पाण्यात धरले. तसराळ्यात नुसता करडा गाळ आला.

चार किलोमीटर ओढा मेला होता. मंडळाने काठावर ओळीने मांडून तीनशेचाळीस मासे मोजले. कितीतरी माद्यांच्या पोटात अजून अंडी होती. रिदवेनवर खटला चालला, शिक्षा झाली, गाई विकल्या गेल्या. सभेत निम्मे म्हणाले, आपल्या माणसाविरुद्ध फोन करायलाच नको होता. निम्मे म्हणाले, उशीर का झाला? तेव्हा मेरेरिद उभी राहिली.

“उशीर मी केला. दोन तास मी दिले. ते ओढ्याचे होते, माझे नव्हते.”

त्या दिवसानंतर पाच जण पुन्हा मंडळात आले नाहीत.

ती मात्र येत राहिली. बर्फ असो, पाऊस असो, पहिल्या शनिवारी ती मला खांद्यावर टाकून पुलाखाली उतरे. वर्षभर तसराळे जवळजवळ रिकामेच राही. मग डोंगराकडच्या वरच्या अंगाने एकेक किडा परतू लागला. चार झाले, नऊ झाले, वीस झाले. पूर्वी ती मोजताना भांडायची. आता मनातल्या मनात मोजायची.

सहाव्या वर्षी, अशाच एका शनिवारी, पुलावर एक गाडी थांबली. मागच्या काचेपर्यंत सामान भरलेले होते. इदवल उतरला. रिदवेन विकून तो समुद्राकाठी बहिणीकडे राहायला निघाला होता. कठड्यावर ओणवा होऊन त्याने विचारले, “मासे?”

“गिरणीपाशी दोन माद्या आल्या यंदा,” मेरेरिद खालून म्हणाली.

त्याने खाली पाण्याकडे पाहिले. मग म्हणाला, “त्या उन्हाळ्यात तू एकदा जरी आली असतीस ना, तर तुला ती भेग दाखवली असती. मला एकट्याला ती बघवत नव्हती.”

“मला वाटलं, तुला कुणी नको असेल.”

“मला वाटलं, तुम्हालाच मी नको असेन. एवढे शनिवार चुकवलेला.”

तो गाडीत बसला. गाडी वळणाआड गेल्यावर मेरेरिदने हात वर केला. समुद्राकाठचे ते घर त्याला एकच हिवाळा लाभले.

मित्रांनो, आता माझी पिशवी विरली आहे आणि तिच्या काठाशी उंदरांनी कुरतडले आहे. मंडळाकडे कारखान्यातून आलेली हलकी, नवी जाळी आहेत. मेरेरिदचे गुडघे तिला ओढ्यात उतरू देत नाहीत. मी गावच्या सभागृहामागच्या खोलीत खिळ्याला टांगलेले असते. माझी काही तक्रार नाही. ओढा वाहतो आहे, मासे वाढत आहेत. पाणी सावरते, त्याला वेळ दिला आणि जपले तर सावरते.

पण एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. आम्ही अकरा वर्षे नखाएवढा किडासुद्धा मोजायचा सोडला नाही. दगडाखालचा एक जीव कमी झाला तरी आम्हाला कळायचे. आणि आमच्यातला एक आख्खा माणूस तीन महिने कमी होता, त्याची नोंद कुणीच केली नाही.

तुम्ही तुमची नदी जपा, तिच्या काठी झाडे लावा, तिच्यात घाण जाऊ देऊ नका. हे मी सांगितले नाही तरी शाळेत सांगतीलच. मला सांगायचे आहे ते वेगळेच. तुमच्याबरोबर काम करणारा कुणी दोन शनिवार दिसला नाही, तर तिसऱ्याची वाट पाहू नका. तो बोलावणार नाही. उठा, आणि त्याच्या दारी जा.