पिंडीवरचा धोत्रा आणि मी

मी काळी पूड बोलतेय. डब्यावर माझं नाव ‘सक्रिय कोळसा’ असं छापलंय. माझ्याकडून गोड कहाणीची अपेक्षा ठेवू नका. मला मारूनमुटकूनच घडवलंय.

मूळची मी करवंटी. घाटावर नारळ आपटला, खोबरं प्रसादाला गेलं आणि मी कचऱ्यात. तिथून रामनगरच्या कारखान्यात. हातोड्याने माझे तुकडे केले, हवाबंद भट्टीत मला भाजलं. एवढ्यावर थांबले असते तर मी चुलीपुरती उरले असते. पण मग नऊशे अंशांची वाफ अंगात घुसवली. तिने मला आतून कुरतडून अगणित भोकं पाडली. भट्टीला कान असते तर माझ्या किंकाळ्यांनी बहिरे झाले असते. आता चमचाभर मला उलगडलंत, तर अमृतराव घाटाच्या पायऱ्या झाकल्या जातील, इतक्या भिंती माझ्या पोटात आहेत. विष त्या भिंतींना चिकटतं आणि सुटत नाही.

पुढे इस्पितळाच्या कपाटात मी धूळ खात पडले.

शिवरात्रीच्या दुपारी दूधविनायक मोहल्ल्यातल्या दत्तात्रेय भटजींचा मुलगा विश्वजीत आला. आला कसला, चौघांनी बांधून आणला. अंग तापलेलं, तोंड कोरडं, नसलेल्या सापांना लाथा मारत होता. बहिणीचा, ऋताचा, ओठ त्याने फोडला होता. घरच्यांना वाटलं ठंडाईतली भांग चढली. लिंबू पाजण्यात आणि लोणचं चाटवण्यात दोन तास गेले. डॉक्टरांना भांग पटेना, पण दुसरं कुणी काही सांगेना.

ऋताने ओठावरचं रक्त पुसलं. “अण्णा, सच सच सांगा. ठंडाईत आणखी काय घातलंत?”

घाटावरचा चाळीस वर्षांचा मान जाईल, ही भटजींना धास्ती. विश्वजीतला झटका आला, तसे ते डॉक्टरांकडे वळले.

“धोत्र्याचं बी. पिंडीवरचंच होतं. प्रसादाने काय होतंय म्हणून मीच वाटून घातलं.”

तेव्हा कुठे माझं कपाट उघडलं. त्याला गुंगी देऊन डॉक्टरांनी नळीतून मला पोटात सोडलं. मी धोत्र्यावर तुटून पडले. सापडला तेवढा भिंतींना जखडून टाकला. रक्तात गेलेल्यापुढे मात्र माझं काही चालेना, आणि त्या दोन तासांचा मला भयंकर राग आला.

दोन दिवस तो मरणाशी झगडला. आज सकाळी त्याने पाणी मागितलं. भटजींनी मुलाच्या पायांवर डोकं ठेवलं, ते उचलेचनात.

मी अजून त्याच्या आतड्यात आहे, विष घट्ट धरून. आज ना उद्या गटारात जाईन. त्याचं मला दुःख नाही. एवढंच सांगते, बाबांनो: हातून चूक झाली तर देवाची क्षमा मागायला सगळा जन्म आहे. आधी डॉक्टरांना सांगा.